आधी माप, मग पाना : आमची वाटचाल

आमच्याकडे फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "ताई, पॉवर किती वाढवून द्याल?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडीत जेवढी ताकद होती, तेवढी आधी परत आणू. पंचवीस वर्षांच्या गाडीत तेवढी उरलेलीच नसते. होंडा सिटीचं १.५ व्हीटेक मॉडेल २००० साली आलं ते १०६ अश्वशक्तीचं. आज तीच गाडी घाटकोपरचा पूल चढताना दमते आणि मालकाला वाटतं, जुनी गाडी अशीच असायची. तशी ती नसते. टॅपेटच्या (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधल्या फटीच्या) ढिल्या मापात, चोंदलेल्या इंजेक्टरमध्ये, दोन अंश सरकलेल्या टायमिंगमध्ये तिची ताकद थोडी थोडी करून गळालेली असते. ती एकेका ठिकाणाहून गोळा करणं यालाच आम्ही ट्यूनिंग म्हणतो आणि आमचं गॅरेज त्यावरच उभं आहे.

गॅरेज म्हणजे चेंबूर गावठाणातलं आमचं बैठं घर. पुढे शहाबादी फरशीचं अंगण, त्यावर पत्र्याची शेड. बाबा बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये इंजिन फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्या लोकांच्या मारुती आमच्या अंगणात येऊन उभ्या राहायच्या. बाबांनी दादाला आणि मला पहिल्यांदा हातात दिलं ते फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पातींचा संच. पात टॅपेटमधून ओढताना किंचित अडली पाहिजे. सुळकन निघाली तर माप ढिलं, ओढावी लागली तर घट्ट. दादा पुढे आयटीआयला मोटर मेकॅनिक झाला, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. आजही इंजिन आणि पत्रा त्याच्याकडे, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), वायरिंग आणि हिशेब माझ्याकडे. बाबा आता पाना धरत नाहीत, पण इंजिन चालू झालं की घरातून बाहेर येतात आणि काय खटकलं ते सांगतात. ऐकावंच लागतं, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

जपानी गाड्याच का, असं खूप जण विचारतात. आमच्या पिढीला मोटार कळली तीच जपानी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्यात सुझुकीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. १९९३ ला झेन आली, पूर्ण ॲल्युमिनियमच्या इंजिनाची. १९९८ ला होंडा सिटी आणि मित्सुबिशी लान्सर एकाच वर्षी. खऱ्या स्पोर्ट्स कार मासिकांतच बघायच्या त्या काळात मुंबईतल्या पोरांनी याच गाड्यांना स्पोर्ट्स कार मानलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. हलकी बॉडी, वरपर्यंत मोकळेपणी फिरणारं इंजिन आणि काटेकोर गिअर, हे त्या गाड्यांच्या अंगातच होतं.

धंदा म्हणून पाटी लागली ती २६ जुलै २००५ च्या पावसानंतर. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुर्ला-कालिन्यात शिरली आणि हजारो गाड्या बुडाल्या. पाणी उतरल्यावर लोकांनी पहिलं काय केलं, तर किल्ली फिरवली. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी किल्लीला हात लावला नाही त्यांची इंजिनं वाचली. आम्ही प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचो, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचो, दुधाळ झालेलं ऑइल पुन्हा पुन्हा बदलायचो. ज्यांचं इंजिन उघडावं लागलं तिथे चारही पिस्टन सर्वांत वर आणून त्यांची उंची मोजायची. एखादा जरासा खाली राहिला की तो रॉड वाकलेला, डोळ्यांना सरळ दिसला तरी. कित्येक ठिकाणी "चालतंय ना, मग चालू द्या" म्हणून गाड्या परत दिल्या गेल्या आणि त्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या. मोजल्याशिवाय सोडायचं नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

तेव्हापासून आमच्या जॉब कार्डवर तीन रकाने आहेत. कारखान्याने दिलेलं माप, चालण्याची शेवटची मर्यादा आणि आज आम्ही मोजलेलं माप. जपानी सर्व्हिस मॅन्युअल अशाच रीतीने लिहिलेलं असतं, आम्ही फक्त तिसरा रकाना जोडला. उदाहरणार्थ, सिटीचं टॅपेट थंड इंजिनवर इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.२३ ते ०.२७. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंग गेलेल्या, नाही गेला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. हे कार्ड ग्राहकाला दाखवल्याशिवाय आम्ही पुढच्या कामाचे पैसे सांगत नाही. यामुळे सुरुवातीला कामं कमी मिळाली, पण मिळाली ती टिकली.

व्हीटेकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्याकडे येणाऱ्या सिटींमध्ये सर्वांत जास्त तक्रार तिचीच. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) तीन लोब, म्हणजे उंचवटे असतात. कमी फेऱ्यांवर बाजूचे दोन लोब काम करतात. फेरे वाढले की कॉम्प्युटर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) उघडतो, ऑइलचा दाब रॉकरच्या (लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या दांडीच्या) आतल्या पिना सरकवतो, तिन्ही रॉकर एक होतात आणि मधला उंच लोब व्हॉल्व्ह जास्त वेळ, जास्त खोल उघडतो. म्हणजे ही सगळी करामत ऑइलच्या दाबावर आहे. सोलेनॉइडच्या बुडाशी एक रबरी पॅकिंग असतं, त्याला बारीक जाळी असते. ऑइल वेळेवर बदललं नाही की ती जाळी काळ्या गाळाने बंद होते आणि वरची ताकद येतच नाही. कॉम्प्युटर बदला असं सांगितलेल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे ते पॅकिंग बदलून आणि ऑइलची लेव्हल बरोबर करून पूर्ववत झाल्या आहेत.

आमच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम मात्र १९७२ च्या डॅटसन २४०झेडचं. नैरोबीहून परतलेल्या एका घाटकोपरच्या गुजराती कुटुंबाची गाडी. हे मॉडेल जपानमध्ये १९६९ ला निघालं, सहा सिलिंडरचं २३९३ सीसीचं इंजिन, लांब नाक, आखूड पाठ. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली या गाडीने १९७१ आणि १९७३ अशी दोनदा जिंकली, आणि १९७३ ला चाक तिथल्या भारतीय वंशाच्या शेखर मेहतांच्या हाती होतं. पुढच्याच वर्षी ती रॅली तिथल्याच जोगिंदर सिंग यांनी मित्सुबिशी लान्सरवर मारली. ज्या नावाची गाडी चोवीस वर्षांनी आपल्याकडे आली तिचा हा पूर्वेतिहास आपल्या लोकांना माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्या घरातले आजोबा या रॅलीबद्दल बोलू लागले की दादा हातातलं काम ठेवून ऐकायचा.

गाडी टोइंग करून आली तेव्हा बाहेरून रंग ठीक होता. गाडी वर्षानुवर्षं गुलमोहराखाली उभी होती. गुलमोहराची बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत जाऊन पाणी निघायची भोकं बंद करतात, पाणी आतच साचतं, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत पुढचं सांगायला नको. दादाने बॅटरीच्या तबकाखाली स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो थेट आत गेला. मागच्या चाकाच्या कमानीत पुट्टीचा जाड थर आणि पुट्टीमागे पत्राच नाही. दादाने जुने स्पॉट वेल्ड ड्रिलने उकलले, पुठ्ठ्याचे नमुने कापले, त्यावरून पत्रा वाकवून तुकडे बसवले, वेल्डिंगच्या सांध्यांवर झिंक प्रायमर मारला. यात पूर्ण एक पावसाळा गेला. रंगकाम आम्ही घरी करत नाही. शेजारी लहान मुलं आहेत. ते बूथ असलेल्या दुकानात जातं.

माझ्या वाट्याला दोन हिताची कार्बोरेटर आले. जपानी स्क्रूची चौफुली आपल्या नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा वेगळ्या मापाची असते. नेहमीचा ड्रायव्हर लावला की खाच सोलली जाते. त्यासाठी जपानी मापाचा वेगळा संच लागतो, आणि जुन्या जपानी गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने तो आधी घ्यावा. साफसफाईनंतर मिक्श्चरचा नट अडीच फेरे खाली, ही सुरुवात. मग इंजिन गरम करून दोन्ही कार्बोरेटर जुळवायचे. त्यासाठी माझं हत्यार म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. पुढच्याची सूं आणि मागच्याची सूं एकाच पट्टीत येईपर्यंत, तानपुऱ्याच्या तारा लावाव्यात तसे, स्क्रू फिरवत राहायचे. नंतर कार्बोरेटरच्या आतला पिस्टन अगदी मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचे फेरे चढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, क्षणभर चढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. शेवटचं जमलं तेव्हा बाबा दारात उभे होते आणि त्यांनी काहीच खोट काढली नाही.

हल्ली या कामात पेट्रोलचा नवा भाग आला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने फुगतात किंवा तडकतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. आम्ही पेट्रोलची सगळी लाइन इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरोरबरची करतो, मिक्श्चर किंचित गडद (पेट्रोल जरा जास्त) ठेवतो, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करायला सांगतो. ग्राहकांना हा खर्च पटवणं कठीण जातं, तरी आम्ही तो सोडत नाही.

सुटे भाग अजून मिळतात. ओ-रिंग, बेअरिंग, पॅकिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, बाकी जपानहून कुरिअर. मशिन शॉपचा अनुभव मात्र एकदा फार कडू आला. एका लान्सरचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला दिलं होतं. चकचकीत दिसावं म्हणून त्या कारागिराने मर्यादेपलीकडे तासून दिलं आणि वर "आता पिकअप वाढेल" असं सांगितलं. आम्हाला कुर्ल्यात फिरून दुसरं हेड शोधावं लागलं. तेव्हापासून हेडवरच मार्करने शेवटचं माप लिहितो, आणि काम होईपर्यंत दादा मशिनशेजारी उभा राहतो.

टर्बो लावून द्या, मोठं इंजिन टाकून द्या, ही कामं आम्ही घेत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीची नोंदणी चालणार नाही. आमचं मत त्याआधीपासून तेच होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगला उभी राहायची गाडी मूळ स्वरूपात असली तर मालकाची झोप उडत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली. तिच्यासाठीही गाडी मूळ रूपात लागते, आणि ती रोज ऑफिसला नेता येत नाही, हे घेण्याआधी समजून घ्यावं.

आता दादाचा मुलगा संध्याकाळी कॉलेजहून येऊन कार्डाचा तिसरा रकाना भरतो. शेडमध्ये जागा दोनच गाड्यांची, ती वाढवायचा विचार नाही. सध्या १९९९ ची एक लान्सर उघडलेली आहे, तिच्यामागे एक झेन थांबली आहे. तुम्हाला यायचं असेल तर आरसी आणि जुनी बिलं बरोबर आणा, आणि गाडी आदल्या संध्याकाळीच अंगणात लावून जा. टॅपेटचं माप रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच घेतो.