पुढे इंडिपेंडंट, मागे सॉलिड एक्सल: लेगोच्या जीपने तीन आठवडे घेतले त्याचा अनुभव

घरातल्या फरशीवर माझी लेगोची मोटरवाली जीप एकदम छान चालायची, पण शेजारी बांधकामाची गिट्टी पडलीये त्या ढिगावर घातली की मागचं उजवं चाक हवेत, आणि हे तीन आठवडे चाललं. कोणी असलीच गाडी बांधत असेल तर त्याचे तीन आठवडे वाचावेत म्हणून सगळं लिहितीये.

पुढे इंडिपेंडंट (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं) आणि मागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) हे डोक्यात आलं मामांच्या गॅरेजमध्ये. आमच्या इंदूरला राजेंद्र नगरकडे त्यांचं गॅरेज आहे, तिथे एक थार लिफ्टवर होती. 2020 च्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन हात, आणि मागे मल्टिलिंकवर, म्हणजे बऱ्याच कांड्यांनी धरलेला सॉलिड एक्सल. मी खाली उभी राहून बघत होते तर मामा म्हणाले, आपल्या पिथमपूरच्या कारखान्यातली गुरखा बघ, 2021 चं मॉडेल, तिलाही असंच आहे. आणि जिम्नीला मात्र दोन्हीकडे सॉलिड. लेगोमध्येही दोन्ही टोकं आहेत, 2012 चा 9398 क्रॉलर दोन्हीकडे सॉलिड एक्सलवर, आणि 2019 ची 42110 डिफेंडर चारही चाकांना इंडिपेंडंट. मला मधलं हवं होतं. कारण सॉलिड एक्सलचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. पण पुढेही तसंच ठेवलं तर स्टेअरिंगचा सगळा पसारा एक्सलवर घ्यावा लागतो आणि बॉडीला दोन्हीकडून डोलायला मोकळं रान मिळतं. पुढे इंडिपेंडंट असलं की बॉडीला एका टोकाला तरी आधार राहतो.

पुढचा भाग लवकर झाला. विशबोन सहा स्टडचे घेतले (स्टड म्हणजे लेगोच्या एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर), शॉक म्हणजे स्प्रिंगचा दांडा मधोमध, तिसऱ्या भोकावर लावला, आणि बॅटरी बॉक्स ठेवताच नाक जमिनीला. मला वाटलं स्प्रिंग नरम आहे, कडक स्प्रिंगचे शॉक मागवायला निघाले होते. मग वहीत मांडून बघितलं तेव्हा कळलं की शॉक विशबोनच्या अर्ध्यावर असला तर चाकाशी स्प्रिंगचा जोर अर्धा नाही, पाव मिळतो, कारण अंतराचा हिशोब दोनदा लागतो, एकदा ताकदीत आणि एकदा किती दबतो त्यात. तोच शॉक चौथ्या भोकावर नेला, पावणेदोन पटीने कडक झाला, पैसे वाचले. स्टेअरिंगची कांडीसुद्धा विशबोनच्याच लांबीची आणि त्याला समांतर ठेवा, नाहीतर चाक वरखाली होताना स्वतःच वळतं, माझं पहिल्या दिवशी वळत होतं.

मागे एक्सलला बॉडीशी जोडणारे दोन लिंक खाली आणि वर मधोमध ए-आकाराचा एक, मोटरचा जोर मागे नेणाऱ्या शाफ्टला दोन यू-जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे. एक्सल खाली लटकला की शाफ्ट निसटायचा, कारण अंतर वाढतं. मग एका जॉइंटमध्ये अर्धा स्टड आतबाहेर सरकेल एवढी जागा सोडली आणि तो प्रश्न मिटला.

आता खरं दुखणं. उजवं चाक उचलायचं, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उघडं, म्हणजे लॉक नसलेलं असल्यामुळे सगळं फिरणं त्या हवेतल्या चाकाकडे जायचं आणि ते चाक फिरत बसायचं, जीप जागची हलायची नाही. मी स्प्रिंग बदलली, उजवीकडची डावीकडे केली, बॅटरी सरकवली, लिंक सैल केले, घट्ट केले, पोळपाट एका चाकाखाली ठेवून तासन्‌तास बघत बसले, हाताने दाबून बघितलं तर एक्सल दोन्हीकडे सारखाच हलतोय. हाताने सगळं बरोबर आणि मोटर लावली की चूक. झोप यायची नाही, खरंच सांगते.

रविवारी मामा पोह्यांना आले. पोह्यांवर जीरावण मसाला टाकता टाकता म्हणाले, "अगं, रिव्हर्समध्ये घालून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. जीप दोरीने टेबलाच्या पायाला बांधली, पुढे जोर दिला तर उजवं चाक हलकं, त्याच्याखालचा कागद ओढला तर निघून आला. रिव्हर्स दिला तर उजवं घट्ट आणि डावीकडचा कागद निघून आला! मामा म्हणाले, "मग स्प्रिंगला कशाला बोल लावतेस, शाफ्ट पिळतोय एक्सलला."

म्हणजे असं, की मोटर बॉडीवर आणि मागचं डिफरन्शियल एक्सलवर, मधला शाफ्ट फिरताना एक्सलला एका बाजूला पिळतो आणि बॉडीला उलट्या बाजूला. पुढे हा त्रास नाही कारण तिथलं डिफरन्शियल बॉडीलाच घट्ट आहे, पीळ आतल्या आत जिरतो. आणि मी काय केलं होतं, तर मोटरनंतर लगेच 8 आणि 24 दातांची जोडी लावून जोर तिप्पट करून मग तो शाफ्टमध्ये पाठवत होते!

उपाय मग सरळ होता, जोर शाफ्टच्या नंतर वाढवायचा. मधली जोडी काढली, मागे चाकाजवळ पोर्टल हब, म्हणजे चाकापाशीच गिअरची जोडी असलेल्या पेट्या बांधल्या, त्यात तेच 8 आणि 24 दात, मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला असतात तसे. शाफ्टमधला पीळ तिसऱ्या हिश्शावर आला, शाफ्ट तिप्पट वेगाने फिरतो पण त्याचं काही नाही, उलट यू-जॉइंट पण वाचले. पुढच्या चाकांचा वेग जुळायला हवा म्हणून तशीच एक जोडी पुढच्या डिफरन्शियलच्या अलीकडे बॉडीत बसवली, दोन्हीकडे एकेक जोडी वाढल्यामुळे फिरण्याची दिशाही एकच राहिली. पोर्टलमुळे मागचा एक्सल चाकांच्या मध्यापेक्षा दोन स्टड म्हणजे 16 मिलिमीटर वर गेला, तर शॉकचं वरचं टोक दोन भोकं वर सरकवलं आणि बॉडी पुन्हा लेव्हलला आली. खाली दगडाला जागा मिळाली ती वेगळीच.

परत दोरी, परत कागद. दोन्ही बाजूंचे कागद ओढल्यावर फाटले पण निघाले नाहीत. ते फाटके तुकडे मी वहीत चिकटवून ठेवलेत.

संध्याकाळी भाच्याला घेऊन गिट्टीवर गेले. मागचा एक्सल असा काही वाकडा होत होता की भाचा पोटावर झोपून खालून बघत होता, "मावशी, बघ ना, चारही टेकलीयेत!" ढिगाच्या वरपर्यंत गेली. स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक खाली लटकलं की आतला यू-जॉइंट अजून अडतो, त्यासाठी पुढे सीव्ही जॉइंट, म्हणजे जास्त वाकूनही सुरळीत फिरणारा सांधा लावून बघणार आहे. भाच्याचं म्हणणं आहे की ते नंतर कर, आधी जिन्याच्या पायरीवर लाव.