पासाउ ते व्हिएन्ना: मुंबईहून स्वतःची सायकल नेताना

जर्मनीतल्या पासाउहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग साधारण ३२० किलोमीटरचा आहे. युरोपभर जाणाऱ्या युरोवेलो ६ या लांबलचक सायकलमार्गाचा हा सर्वांत लोकप्रिय तुकडा. जवळजवळ सपाट, बहुतेक डांबरी, पाट्या जागोजागी. सायकल चालवणं इथे सोपं आहे; कस लागतो तो सायकल नेण्याआणण्यात. सफर एका गावी सुरू होते आणि दुसऱ्याच देशात संपते, म्हणून तिकिटाच्याही आधी खोक्याचं ठरवायला हवं.

कडक पेटी सर्वांत सुरक्षित, पण रिकामीच दहा किलोंच्या आसपास भरते आणि सुरुवातीच्या गावी ठेवली तर ती आणायला उलटं जावं लागतं. अशा एकेरी मार्गाला पुठ्ठ्याचा खोकाच बरा. मुंबई-पुण्यातल्या सायकल दुकानांत नव्या सायकलींचे रिकामे खोके मिळतात. जाताना तो वापरायचा, उतरल्यावर सोडून द्यायचा आणि परतीसाठी व्हिएन्नात दुसरा घ्यायचा. तिथल्या दुकानाला आठवडाभर आधी ईमेल करून खोका राखून ठेवायला सांगा. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. सोमवारी पहाटेचं विमान असेल तर खोका शनिवारीच ताब्यात हवा.

तिकीट काढल्याबरोबर विमान कंपनीकडे सायकलची नोंद करून लेखी होकार घ्या. छोट्या विमानात सायकलींची जागा मोजकी असते. वजनाची मर्यादा बहुधा २३ किलो; ३२ किलोंच्या वर एकच नग सहसा घेतच नाहीत. जोडविमान असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. पुणे किंवा नागपूरहून वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर येण्यात अर्थ नाही, तिथे बहुधा १५ किलोच सामान मिळतं. पुण्याहून मोठ्या गाडीने थेट मुंबई विमानतळ गाठावा.

व्हिसा ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाचा, म्हणजे जर्मनीतल्या म्युनिकला उतरलात तरी इथे ऑस्ट्रियाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात सायकलचा अपघात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

आता बांधाबांध. आधी सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) उंचीवर चिकटपट्टी लावून खूण करा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल सुटतात. हँडल काढताना फक्त पुढच्या पट्टीचे चार बोल्ट सोडा, म्हणजे हेडसेटचा (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा) ताण बिघडत नाही. परत बसवताना चारही बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर) लिहिलेल्या टॉर्कइतके, म्हणजे पिळाच्या जोराइतके (बहुधा ५ न्यूटन-मीटर) आवळा. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) हँगरवरून, म्हणजे त्याला चौकटीशी जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरून सोडून, फोममध्ये गुंडाळून चौकटीच्या आत बांधा. खोका आडवा आपटला की सर्वांत आधी वाकतो तो हँगर, आणि प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असल्याने तो परगावी सहज मिळत नाही. एक जादा हँगर जवळ हवाच.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढताक्षणी पॅडमध्ये प्लास्टिकची चकती सरकवा. नाहीतर खोक्यात लिव्हर दाबला जाऊन पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत जातच नाही. डिस्क चाकावरून काढून पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) टोकांमध्ये १०० मिमीचा आधार बसवा. सायकल दुकानात तो बहुधा फुकट मिळतो. टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण सोडू नका: ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर रिमवरून सुटला तर छोट्या पंपाने बसत नाही.

युरोपचा हंगाम म्हणजे मुंबईचा पाऊस. धावपट्टीशेजारी भिजलेला पुठ्ठा तळातून फाटतो आणि सुटे भाग गळतात. आतून जाड प्लास्टिक लावा आणि बारीक भागांची पिशवी चौकटीला बांधा. पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक गिअरच्या काढता येणाऱ्या बॅटऱ्या केबिनमध्येच. ई-सायकलची मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेताच येत नाही. टायरमध्ये हवा भरायची सीओटूची (कार्बन डायऑक्साइड वायूची) काडतुसं घरी ठेवा. हेल्मेट, बूट आणि पेडल हातातल्या पिशवीत ठेवले तर खोका उशिरा आला तरी भाड्याच्या सायकलवर निघता येतं.

मुंबईत खोका विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना सायकल इथूनच नेलेली आहे हे दाखवता येतं. फ्रेम नंबर बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या सांध्याखाली) असतो. त्याचा फोटो आणि बिल सोबत हवं. खोका गेला की अधिकाऱ्याला दाखवायला वस्तूच उरत नाही. तपासणीत खोका उघडतात, म्हणून चिकटपट्टीचं एक रीळ हाताशी असू द्या.

म्युनिकला खोका पट्ट्यावरून उचलल्यावर तिथेच उघडा. मोडतोड दिसली तर बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवा. विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार लेखी तक्रारीची मुदत सात दिवस, आणि भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). महागड्या सायकलला ती पुरत नाही, वेगळा विमा काढा. सायकल विमानतळावरच जोडा. मग प्रादेशिक गाडीने लांड्सहूट, तिथे गाडी बदलून पासाउ. म्युनिक शहरात शिरावंच लागत नाही. सायकलचं वेगळं तिकीट लागतं. पासाउत एक दिवस मोकळा ठेवा. हरवलेलं सामान येईपर्यंत तोच उपयोगी पडतो.

वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे आरसा हँडलच्या डाव्या टोकाला हलवा. घंटी हवी. पश्चिमेचा वारा बहुतेकदा पाठीशी असतो, म्हणून पासाउहूनच निघावं. मुक्काम श्लोगेन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न असे बसतात. मधलं अंतर ३५ ते ६० किलोमीटर. श्लोगेनच्या वळणावर उत्तर काठाची वाट तुटते, तिथे फेरीबोट घ्यावी लागते; ती बंद व्हायची वेळ आदल्या रात्री पाहा. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा पट्टा, २००० पासून जागतिक वारसा स्थळ. द्राक्षमळे, जर्दाळू आणि श्पिट्झजवळ इंजिनाशिवाय नदीच्या ओढीवर चालणारी फेरीबोट. केवळ ३६ किलोमीटर असले तरी याला पूर्ण दिवस द्या. दक्षिण काठ शांत आहे, ड्युर्नश्टाइन उत्तरेला. फेरीबोटीने दोन्ही जमतात.

व्हिएन्नात आदल्या दुपारीच खोका बांधून वजन करा आणि विमानतळाची रेल्वे पकडा. बांधण्याआधी टायरवरची माती धुऊन काढा. मुंबईत उतरल्यावर कस्टमने विचारलं तर निर्यात प्रमाणपत्र आणि फ्रेम नंबर दाखवायचा. ते हातातल्या पिशवीतच असू द्या, खोक्यात नको.