चिठ्ठ्यांचा डबा

एम. जी. रोडवर माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले बदलून होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, बातम्या चाळतं आणि विचारतं, "भाऊ, सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपची चावी मागितली तर कंपनी एवढी का अडून बसते? आपल्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय?"

त्यांना मी आधी दुकानातलीच गोष्ट सांगतो. फोन टाकताना लोक पॅटर्न सांगून जायचे. मी चिठ्ठीवर नऊ ठिपके काढायचो, त्यांवरून रेघ, खाली नाव. चिठ्ठी काउंटरखालच्या बिस्किटांच्या डब्यात. कामाला ठेवलेला पोरगा दुपारी, मी जेवायला गेलो की, त्याच चिठ्ठ्या काढून लोकांचे फोटो बघत बसायचा. एक ताई फोन न्यायला लवकर आल्या म्हणून सापडला. पोराला काढलं, ताईंची माफी मागितली. पण मी कुणाचा फोटो कधी बघितला नव्हता हे खरं असलं, तरी डबा माझाच होता.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होऊन घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो त्या पद्धतीत, हा डबाच नसतो. चाव्या दोन्हीकडच्या फोनमध्ये, मधल्या कंपनीला दिसते ती नुसती बंद पेटी. सरकारं म्हणतात, एक डबा ठेवा, कोर्टाचा कागद असल्याशिवाय उघडणार नाही. ग्रीसमध्ये एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगचं सॉफ्टवेअर होतं. २००४-०५ मध्ये कुणीतरी ते परस्पर चालू केलं आणि शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधान होते. ब्रिटनमध्ये २०२५ साली अशीच मागणी झाल्यावर अ‍ॅपलनं तिथल्या लोकांसाठी आयक्लाउडचं, म्हणजे फोनमधलं सगळं इंटरनेटवर साठवायच्या जागेचं, जादा कुलूपच काढून घेतलं. म्हणजे भुर्दंड गिऱ्हाइकालाच.

आपल्याकडचे इंटरनेट कंपन्यांसाठीचे २०२१ चे नियम थेट चावी मागत नाहीत. मेसेज देशात पहिल्यांदा कुणी पाठवला, तेवढं सांगा म्हणतात. पण ते सांगायचं तर कोट्यवधी साध्या मेसेजांचाही माग ठेवावा लागेल, असं व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणणं. एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्ही चाललो, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात सांगून टाकलं.

इथं मात्र माझी जीभ अडखळते. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. हे धुळे जिल्ह्यातलं, आमच्या शेजारचंच. मुलं पळवणाऱ्यांचे ते मेसेज तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आले होते आणि मी, मोबाइलवाला असून, एक पुढं ढकलला होता. पहिला कोण हे शोधायला नको, असं कुठल्या तोंडानं म्हणू? फक्त, त्या वर्षी फिरलेला एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला निघाला. तो इथं पहिल्यांदा टाकणारा सापडला असता, तरी बाकीच्या माझ्यासारख्यांचं काय?

आता मी चिठ्ठी घेत नाही. डिस्प्ले बसला की गिऱ्हाइकाला फोन करतो, त्यांनी यावं, स्वतः उघडावं, टच तपासावा. काही जण वैतागून शेजारच्या गाळ्यात जातात. तिथं चिठ्ठी घेतात.