फ्लाय ॲशच्या जिओपॉलिमर मॉर्टरमध्ये नॅनो-सिलिका: माझा अनुभव

जिओपॉलिमर मॉर्टर सिमेंटऐवजी फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख) आणि अल्कलीच्या द्रावणाने बांधलं जातं. त्यात नॅनो-सिलिका, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची सिलिका, किती टक्के घालायची यावर लोक तासन् तास बोलतात. मला मात्र ताकद मोजायला मॉर्टरचे क्यूब यंत्रात दाबून फोडतो तेव्हा जास्त फरक दिसतो तो दोन गोष्टींचा: ती कधी घातली, आणि तिच्याबरोबर आलेलं पाणी वजा केलं का.

राख एकलहरे, कोराडी अशा कुठल्याही वीज केंद्राची चालेल, पण कोरडी हवी, राखेच्या तळ्यातली ओली नको. काळपट राखेत न जळलेला कोळसा असतो, तो पाणी पितो.

70.6 मिमीच्या सहा क्यूबसाठी फ्लाय ॲश 816 ग्रॅम, जीजीबीएस (लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगची बारीक पूड) 360, स्टँडर्ड वाळू 3,600, सोडियम सिलिकेट 400. नॅनो-सिलिका बाइंडरच्या (राख, जीजीबीएस आणि नॅनो-सिलिका मिळून 1,200 ग्रॅम) 2 टक्के, म्हणजे 24 ग्रॅम. पावडर घेतली तर गुठळ्या मोडायला अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं, म्हणून मी 30 टक्क्यांचं कोलॉइडल द्रावण 80 ग्रॅम घेतो. त्यात 56 ग्रॅम पाणीच असतं. 10 मोलरचं 200 ग्रॅम कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) करायला साधारण 60 ग्रॅम फ्लेक्स आणि 140 ग्रॅम पाणी लागतं. कोलॉइडलमधलं 56 ग्रॅम वजा करून इथे पाणी फक्त 84 ग्रॅम घ्यायचं. हे विसरलं की मिश्रण मस्त वाहतं आणि ताकद पडते, मग दोष नॅनोवर येतो.

फ्लेक्स पाण्यात टाकायचे, उलट कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. भांडं जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं घेतलं तर हायड्रोजन सुटतो. आदल्या दिवशी करून थंड होऊ द्या, गरम द्रावणाने मॉर्टर हातातच आवळतं. इतकं दाट कॉस्टिक साध्या थंडीतही तळाशी स्फटिक धरतं, तेव्हा वापरण्याआधी हलवून पाहा.

कोलॉइडल सिलिका थेट कॉस्टिकमध्ये ओतली की तिची जेली होते. आधी सिलिकेट आणि कॉस्टिक एकत्र करून राख-स्लॅगमध्ये घालायचं, लगदा झाला की मिक्सर चालू ठेवून सिलिका पातळ धारेने सोडायची, शेवटी वाळू. बारीक सिलिका अल्कलीत पटकन विरघळते, जेल लवकर बनतं, उरलेले कण छिद्रं भरतात. 3 टक्क्यांच्या वर मात्र मिश्रण चिकट होतं आणि हवा अडकते. पाणी घालायचा मोह होतोच. त्याऐवजी नॅप्थलीनवर आधारित प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण वाहतं करणारं रसायन) वापरा. पॉलिकार्बोक्झिलेट प्रकारचं प्लास्टिसायझर इतक्या अल्कलीत टिकत नाही.

साच्याला तेल नेहमीपेक्षा जाड लावा, कोपरे चिकटतात. 30 टक्के जीजीबीएस असल्यामुळे ओव्हन लागत नाही, पण क्यूब प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. उघडे ठेवले की वर बारीक तडे येतात आणि पांढरी पूड फुलते.

तुलनेसाठी नॅनोशिवायचे क्यूब त्याच दिवशी, त्याच राखेचे भरा. राखेची खेप बदलली की तुलना गेली. फुटलेल्या तोंडावर पांढरे ठिपके दिसले तर सिलिका पसरलीच नाही, मग 28 दिवसांच्या ताकदीचा आकडा कितीही चांगला आला तरी तो मी धरत नाही.