टेबलावरची गाडी आणि बर्फावरची गाडी

प्रश्न साधारण असा असतो: "तुम्ही गाड्यांची मॉडेल किट जोडता आणि हिवाळ्यात बर्फावर गाडीही चालवता. एकाचा दुसऱ्याला काही उपयोग होतो, की हे दोन वेगळेच छंद?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा इंजिन आणि सस्पेन्शन असतं. किट जोडता जोडता गाडीची रचना कळत असेल, असा समज. थोडीफार कळते, पण १:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान) बऱ्याच किटमध्ये इंजिनच नसतं. बॉनेट बंद आणि खाली एक सपाट तळ. खरा उपयोग वेगळ्याच जागी होतो. दोन्हीकडे सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे. त्यावर काय बसलंय आणि तो किती गार आहे, एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी टेबल. तामिया या जपानी कंपनीचं मॉरिस मिनी कूपर १२७५एस रॅली हे १:२४ चं किट घ्या. खरी मिनी जेमतेम ३.०५ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १२७ मिलिमीटरचं. तिची १० इंची चाकं मॉडेलवर साडेदहा मिलिमीटरच्या आसपास येतात. आता हाच हिशेब रंगाला लावा. खऱ्या गाडीवरचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाड असतो. तो २४ पट लहान केला तर ५ मायक्रॉन उरतो, आणि इतका पातळ थर कुठल्याही डब्यातून निघत नाही. उलट मॉडेलवर रंग ५० मायक्रॉन चढला, तर खऱ्या गाडीवर १.२ मिलिमीटरचा लेप थापल्यासारखं दिसतं. दारांच्या फटी बुजतात, पाणी जाणारी पन्हाळी नाहीशी होते, आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसू लागते. नवशिक्याचं मॉडेल "खेळण्यासारखं" का वाटतं, याचं पहिलं कारण हे.

म्हणून रंगाआधीचं काम जास्त. साच्यातून सुटावेत म्हणून भागांवर तेलकट अंश राहिलेला असतो. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने सगळं धुवायचं आणि झटकून वाळवायचं. मग बॉडी उजेडात तिरकी धरून साच्याची जोडरेघ शोधायची. ती बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून आणि छताच्या खांबांवरून जाते. डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला लागते. ६०० च्या पॉलिश पेपरने घासून १००० वर आणायची. फटी रंगाने बुजणारच आहेत, म्हणून सुरीच्या पात्याच्या पाठीने किंवा स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) त्या आधीच थोड्या खोल करून ठेवायच्या. आणि प्लॅस्टिकच लाल असेल आणि वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) चंदेरी रंगाचा एक थर मारून लाल अडवायचा. नाहीतर पांढरं छत काही दिवसांत गुलाबी झालेलं दिसतं.

आता थंडी. हिवाळ्यात स्प्रेचा रंग बिघडतो तो दोन तऱ्हांनी, आणि लोक दोन्हींचं खापर डब्यावर फोडतात. डबा गार असला की आतल्या वायूचा दाब पडतो, फवारा जाड थेंबांचा येतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. उपाय सोपा: डबा ३५ ते ४० अंशांच्या, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवायचा, पुसायचा, नीट हलवायचा. उकळतं पाणी किंवा आच चुकूनही नको, डबा फुटतो. दुसरा बिघाड म्हणजे रंगावर दुधाळ छटा येणं. लॅकरमधला (लवकर वाळणाऱ्या स्प्रे रंगातला) थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हवेत ओल असेल तर पृष्ठभाग दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्याच्या, खाली उतरतो आणि ओल्या रंगावरच सूक्ष्म दव धरतं. तीच ती पांढरट साय. अशा वेळी वर आणखी रंग मारला की दोष आत कोंडला जातो. पूर्ण वाळू द्यायचं, कोरड्या दिवशी वरून पातळ क्लिअरचा (पारदर्शक लॅकरचा) हलका हात द्यायचा. खालचा थर किंचित विरघळतो आणि बहुतेकदा साय निघून जाते.

बॉडी आणि डबा एकाच खोलीत तासभर ठेवून एका तापमानाला आणणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. बटण बॉडीच्या अलीकडे दाबायचं आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. दुसरा तसाच, तिसरा जरा ओला. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. क्लिअर कोटचे तीन-चार हात झाले की किमान आठवडाभर हात लावायचा नाही, मग २००० च्या पेपरने पाण्यात घासून पॉलिश. घासताना कडा चुकवायच्या. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच खालचा थर उघडा पडतो. थंडी आहे म्हणून खिडक्या बंद करून, शेजारी हीटर लावून फवारणी करणारे लोक आहेत. त्या वाफा पेट घेतात. खिडकी उघडी, हीटर बंद आणि तोंडावर रासायनिक वाफा अडवणारा मास्क. कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही.

हाच दवबिंदू रस्त्यावर भेटतो. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि हवेपेक्षा गार होतो. डॅशबोर्डवर ३ अंश दिसत असतात, ते हवेचे. डांबर तोवर शून्याखाली गेलेलं असू शकतं, आणि त्यावर दव धरलं की ते गोठतं. त्याचा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचं डांबर तसंच काळं दिसतं. रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. बऱ्याच गाड्या ३-४ अंशांनाच इशारा देतात, तो यासाठी. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून-खालून दोन्हीकडून गार हवा लागते आणि खाली जमिनीची ऊब नसते. झाडांच्या सावलीतली वळणं दुपारीही तशीच राहतात. एक खूण कामाची आहे: रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नाहीत आणि टायरचा आवाज अचानक थांबलाय, तर ते पाणी नाही.

काचेवर आतून धरणारी वाफही त्याच घरातली. नुसता गरम झोत मारून ती हळूहळू जाते. एसी चालू केला की हवेतली ओल आधीच काढली जाते आणि काच झटकन साफ होते. हिवाळ्यात एसी कशाला, या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आतली हवा फिरवण्याचं बटण मात्र बंद हवं, नाहीतर आपल्याच श्वासाची ओल आपल्याच काचेवर. बाहेरून गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो.

टायरबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं आणि रस्त्याच्या खडबडीत रुतण्याचं सोडतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात, आणि खाचांत बर्फ दाबून धरला जातो. बर्फ बर्फाला चांगला धरतो. खूण टायरच्या बाजूवर शोधायची: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. नुसती 'एम+एस' (मड अँड स्नो) ही अक्षरं पुरेशी नाहीत. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून डोंगर-हिमकणाचीच खूण धरली जाते. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर हिवाळी स्थिती असली की हिवाळी टायर सक्तीचे आणि खाच किमान ३ मिलिमीटर. माझ्या मते ४ मिलिमीटर झाली की तो टायर बर्फासाठी संपला, कायदा काहीही म्हणो. आणि ते चारही चाकांना लावायचे. पुढे दोनच लावून मागे उन्हाळी ठेवले, तर पुढचं टोक रस्ता धरतं आणि मागचं सुटून गाडी गरगरते.

हवा? १० अंशांच्या घसरणीला साधारण दीड पीएसआय कमी होते. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ भरलेली हवा उणे १० अंशांना २८ च्या आसपास दाखवते. पंक्चर नाही ते. बाहेर, टायर गार असताना मोजून भरा.

फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, असली की झालं, हा गैरसमज तर पुसताच येत नाही. ती गाडी जागेवरून हलायला मदत करते. थांबताना सगळ्या गाड्यांना चारच चाकं असतात. ५० किमी वेगाने नुसत्या ब्रेकिंगचं अंतर कोरड्या डांबरावर १२-१३ मीटर येतं, दाबलेल्या बर्फावर ४० च्या आसपास, आणि ओल्या गोठलेल्या थरावर शंभराला टेकतं. वेग निम्मा केला की अंतर चौथाईवर येतं. बर्फावर दुसरं कुठलंही कौशल्य एवढा फायदा देत नाही.

चालवताना टायरकडे एका वेळी एकच काम मागायचं. ब्रेक सरळ रेषेत, मग ब्रेक सोडून वळण, मग वळण सरळ होत आलं की ॲक्सिलरेटर. पुढचं टोक वळायला तयार नसेल तर माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग थोडं परत आणलं की टायर पुन्हा धरतो. मागचं टोक सुटलं तर नजर जायचंय तिकडे, स्टिअरिंगही तिकडेच, आणि मॅन्युअल गाडीत क्लच दाबायचा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर आणीबाणीत पेडल पूर्ण दाबून धरायचं; पायाखाली जी खरखर जाणवते ते एबीएसचं काम चालू आहे, घाबरून पाय काढायचा नाही. जागेवरून निघताना दुसरा गिअर आणि क्लच अलगद. खोल बर्फात चाक नुसतं फिरत राहिलं की खाली बर्फ वितळून गुळगुळीत होतो. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून फिरू लागलं की ताकद कापणारी यंत्रणा) तात्पुरतं बंद करून गाडी मागेपुढे झुलवायची.

पुन्हा टेबलावरच्या मिनीकडे या, म्हणजे ती टेबलावर का आहे ते कळेल. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क या रॅली ड्रायव्हरने मिनी कूपर एस चालवून मोंटे कार्लो रॅली, म्हणजे हिवाळ्यात बर्फाळ डोंगरी रस्त्यांवर होणारी शर्यत, जिंकली. १९६५ आणि १९६७ मध्येही मिनीच जिंकली. ताकद तिच्याहून किती तरी जास्त असलेल्या गाड्या समोर होत्या. पण मिनीचं इंजिन आडवं, पुढच्या चाकांवर, आणि ओढणारी चाकंही तीच. वजन जिथे, ओढ तिथेच. किटमध्ये बॉडी तळावर बसवताना ही गोष्ट डोळ्यांसमोर असते: चाकं अगदी चार कोपऱ्यांत, मागे जवळपास काहीच नाही.

निघण्याआधीचं थोडक्यात. लेड-ॲसिड बॅटरी उणे १८ अंशांना साधारण निम्म्या ताकदीवर येते; जुनी असेल तर हिवाळ्याआधीच तपासून घ्या. कूलंट निम्मा ग्लायकॉल, निम्मं पाणी, तर उणे ३७ पर्यंत चालतो. जास्त घातला की जास्त चांगला, असं नाही. नुसता ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतो. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून रात्री ठेवली तर सकाळी ब्रेक चिकटलेले मिळतात, म्हणून सपाट जागी गिअरमध्ये ठेवा. छतावरचा बर्फ झाडूनच निघा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो घसरून पुढच्या काचेवर येतो. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, कार्बन मोनॉक्साइड आत येतो.

शेवटची जोडणी. मॉडेलच्या काचा सुपरग्लूने चिकटवल्या की त्याच्या वाफांनी पांढऱ्या पडतात. तिथे पांढरा पीव्हीए डिंक वापरा. आणि काही किटचे मऊ टायर वर्षानुवर्षं ज्या प्लॅस्टिकला टेकून असतात त्यालाच विरघळवतात, कारण त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य बाहेर येतं. रिमच्या आतल्या बाजूला रंगाचा थर किंवा फॉइलची पट्टी दिली तर चाक वाचतं.

चाकं बसवताना गाडीचा तळ काचेच्या तुकड्यावर ठेवायचा. बहुतेक पहिल्या मॉडेलचं एक चाक हवेत असतं; तळ किंचित पिळलेला असतो किंवा एक धुरा वाकडा. साध्या कागदाची अर्ध्या सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून प्रत्येक टायरखाली सरकवून पाहायची. ज्या चाकाखालून ती विनाअडथळा जाते, त्याचा धुरा डिंक ओला असतानाच किंचित खाली दाबायचा आणि तळावर एखादं हलकं वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी पट्टी पुन्हा फिरवायची. चारही ठिकाणी ती सारखीच अडकली, तर बॉडी तळावर बसवायला घ्या.