आमची वाटचाल : सातची बस

आमच्या सहलींच्या धंद्याची सुरुवात एका रद्द झालेल्या सहलीने झाली. १५ फेब्रुवारी २०१४, शनिवार. टोकियोच्या निशी-कसाईतून नागानोच्या डोंगरात, करुइझावाला, बर्फ बघायला जायचं ठरलं होतं. सतरा कुटुंबं, पंचेचाळीस सीटची मोठी बस. थेपले लाटून झाले होते, चिवड्याच्या पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. आणि शुक्रवारी रात्री बर्फच आमच्याकडे आला. टोकियोत २७ सेंटीमीटर, वाटेजवळच्या माएबाशीत ७३, पलीकडे कोफूत तर ११४. महामार्ग बंद. ज्याच्यासाठी माणशी सात हजार येन भरले, तो बर्फ पोरांना इमारतीखाली फुकट मिळाला. रस्ताच बंद म्हणून बसवाल्यांनी भाडं लावलं नाही. आम्ही सगळ्यांचे पैसे परत द्यायला काढले आणि पुढचा आठवडाभर थेपले खाल्ले.

मी मूळचा कराडचा. २००६ साली सॉफ्टवेअरच्या कामावर इथे आलो. २००० सालच्या संगणक-संकटाच्या (वाय-टू-के) सुमारास इथे भारतीय इंजिनिअर यायला लागले. तोझाई लाइनने ऑफिसं सरळ गाठता येतात, म्हणून बरेच जण एदोगावा वॉर्डातल्या निशी-कसाईत राहिले. नावातच ‘कसाई’ असल्यामुळे गावी आईला पत्ता सांगताना मी ‘निशी’वरच थांबायचो. नोकरी चालू होती, धंदा करायचं डोक्यातही नव्हतं. पण परत द्यायला काढलेले पैसे घ्यायला लोक तयार होईनात. म्हणाले, ठेवा, पुढच्या वेळी जाऊ.

पुढची वेळ मार्चमध्ये आली. तोवर करुइझावाचा बर्फ सरत आलेला असतो, म्हणून ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने निइगाता प्रांतातलं युझावा सुचवलं. सातची बस सात पस्तीसला निघाली. आम्ही एसटीत वाढलेली माणसं. बस आली की आधी खिडकीतून रुमाल टाकायचा, मग चहा प्यायचा. इथे खिडक्या उघडत नाहीत, म्हणून एका काकांनी पोराला पुढे पाठवून चार सीटवर चार टोप्या ठेवल्या. चालक पांढरे हातमोजे घालून दारापाशी उभा. तोंडातून अवाक्षर नाही, फक्त घड्याळाकडे बघायचा आणि पुन्हा समोर बघायचा. तो असा का बघतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

युझावाच्या वाटेवर, कान-एत्सु महामार्गावर गुन्मा प्रांत संपतो तिथे साधारण अकरा किलोमीटरचा बोगदा आहे. आत शिरताना लख्ख ऊन होतं, झाडं कोरडी, डोंगर तपकिरी. मागच्या सीटवरून टोमणे सुरू झाले, “बर्फाचे पैसे परत मिळणार का?” दहाएक मिनिटं अंधार. आणि बाहेर पडलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसच्या खिडकीएवढी पांढरी भिंत. क्षणभर सगळी बस गप्प. मग कुणीतरी “गणपती बाप्पा…” म्हणालं आणि पुढचं सांगायला नको.

याचं कारण आपल्याकडच्या माणसाला चटकन समजतं. कोयनेला धो-धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव कोरडा, तसंच हे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा वारा जपानच्या समुद्रावरून ओल उचलतो, डोंगराला अडतो, आणि ती ओल निइगाताच्या बाजूला बर्फ होऊन पडते. डोंगर ओलांडून टोकियोकडे येतो तो नुसता कोरडा वारा. आमचा निम्मा धंदा या एका बोगद्यावर उभा आहे असं बायको म्हणते. उरलेला निम्मा तिच्यावर आहे, हे मी म्हणतो.

दुसऱ्या हिवाळ्यात दोन बसगाड्या, तिसऱ्यात चार. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला की दोन दिवसांत जागा संपायच्या. ओळखीच्यांची वर्गणी कधी संपली आणि अनोळखी लोकांकडून पैसे घेणं कधी सुरू झालं, ते लक्षातही आलं नाही. जपानमध्ये नोंदणी नसताना असं करणं गुन्हा आहे, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मला अभिमान होता तो घासाघिशीचा. चार बसकंपन्यांकडून भाव मागवायचे, सगळ्यात कमी असलेल्याला म्हणायचं, अजून जरा बघा. जपानी माणूस भाव करत नाही असं सगळे सांगतात. २०१५ च्या डिसेंबरात एका कंपनीच्या विक्रेत्याने माझ्यासाठी केला. भाडं इतकं खाली आलं की मी घरी येऊन पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

१५ जानेवारी २०१६ च्या पहाटे टोकियोहून निघालेली एक स्की-बस करुइझावाच्या घाटात दरीच्या बाजूला कोसळली. पंधरा माणसं गेली, दोन चालक आणि तेरा विद्यार्थी. शुक्रवार होता. आमची बस दुसऱ्या दिवशी निघायची होती. फोन वाजत राहिला. त्रेचाळीसपैकी सतरा जणांनी नावं काढून घेतली, सव्वीस जणांना घेऊन आम्ही युझावाला जाऊन आलो. बोगद्यानंतर ‘मोरया’ झालं, पण हळू.

काही दिवसांनी चौकशीत बाहेर आलं की त्या फेरीचं भाडं सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी होतं. असा काही दर असतो, हे मला तेव्हा कळलं. रात्री बसून नियम वाचले. २०१२ मध्ये याच कान-एत्सु महामार्गावर चालकाला झोप लागून सात प्रवासी गेले होते. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१४ च्या वसंतात भाड्याची नवी पद्धत आली. तास आणि किलोमीटर, दोन्हींचे पैसे. तेही डेपोतून निघाल्यापासून डेपोत परत जाईपर्यंत, शिवाय आधी एक तास आणि नंतर एक तास गाडीच्या तपासणीचा. मी आमच्या फेरीचा हिशेब मांडला. किमान दराच्या बराच खाली होतो. म्हणजे माझ्या चातुर्याचे पैसे कुणाच्या तरी विश्रांतीतून, नाहीतर टायरमधून कापले जात होते. आणि आमच्या पस्तीस मिनिटांत त्या पहिल्या चालकाचे मोजलेले तास चालले होते, हेही त्याच रात्री डोक्यात शिरलं.

बायकोला सांगितलं, बंद करू. ती म्हणाली, “बंद का? नीट करू.”

नीट करायला साडेतीन वर्षं लागली. जाहिरात देऊन, लोक गोळा करून देशात कुठेही सहल न्यायची तर दुसऱ्या वर्गाची नोंदणी लागते. तिसऱ्या वर्गात फक्त आपल्या आणि शेजारच्या हद्दीपुरतं फिरता येतं, आणि एदोगावाच्या शेजारी बर्फाचा डोंगर नाही. दुसऱ्या वर्गासाठी कंपनीकडे सत्तर लाख येनची मालमत्ता दाखवायची आणि एक कोटी दहा लाख येन अनामत भरायची. व्यवसाय-संघटनेचं सभासद झालं तर अनामतीऐवजी बावीस लाखांत भागतं. कराडचा प्लॉट त्यात गेला. शिवाय कार्यालयात परीक्षा पास झालेला माणूस हवा. ती परीक्षा दर सप्टेंबरला, पूर्ण जपानीत: कायदा, करारनामा, आणि तिकिटांचे हिशेब नि भूगोल. प्रत्येक विषयात साधारण साठ टक्के. मी नोकरीचं कारण सांगून अंग काढलं. बायको बसली. २०१७ ला तिसऱ्या विषयात अडकली, २०१८ ला सुटली. वर्षभर आमच्या फ्रिजवर सत्तेचाळीस प्रांतांच्या गरम झऱ्यांची यादी चिकटवलेली होती. या काळात एका नोंदणीकृत जपानी कंपनीच्या सहलींवर आम्ही रोजंदारीवर दुभाष्याचं काम केलं. सहल त्यांची, पैसे त्यांच्या खात्यात, आम्ही फक्त माणसं मोजायचो. शिकायला ती सगळ्यात चांगली दोन वर्षं.

२०१९ च्या उन्हाळ्यात टोकियो महानगर सरकारची नोंदणी हातात आली. मी नोकरी सोडली. स्वतःच्या नावाचा पहिला हिवाळा आला, आणि तो जपानमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात उबदार हिवाळा निघाला. जानेवारीत बोगद्यातून बाहेर पडलो तर पलीकडेही तपकिरी डोंगर. “मोरया” म्हणायला तोंड उघडलेले तसेच राहिले. लोक सभ्य होते, कुणी पैसे परत मागितले नाहीत, पण परतीच्या वाटेवर अंताक्षरीही झाली नाही. फेब्रुवारीच्या शेवटाला करोनाने उरलेल्या तारखा खाल्ल्या. पुढची दोन वर्षं मी पुन्हा घरबसल्या सॉफ्टवेअरची कामं केली. २०२० च्या डिसेंबरात युझावाजवळ एकवीसशे गाड्या दोन दिवस बर्फात अडकून पडल्याची बातमी बघताना बायको म्हणाली, “बरं झालं, यंदा बस नव्हती.” धंदा बुडत असताना एवढंच समाधान.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सरहद्दी उघडल्या आणि आमचं खरं गिऱ्हाईक आलं : आई-बाबा. डिसेंबरात नातवंडांना सुट्टी असते, म्हणून पुण्या-नाशकाहून येणारे. त्यांच्यासाठी आम्ही सहल बदलली. घसरगाडी आणि बर्फातले बूट भाड्याने मिळतात, पण नऊवारीवर कुठला बूट जातो ते आम्हालाच शोधावं लागलं. (उंच गमबूट. स्पोर्ट्स शूज अजिबात नको.) जेवणाचा घोळ वेगळा. दिसायला भाजी, पण रस्सा वाळवलेल्या माशाचा. ‘मांस नाही’ म्हटलं की तिथे ‘मासे चालतात’ असा अर्थ होतो. आता परवाना असलेल्या एका भारतीय उपाहारगृहातून डबे घेतो आणि चहाचे दोन मोठे थर्मास बायको भरते.

गरम झऱ्यांवर तर वेगळा लेख होईल. सगळ्यांसमोर कपडे काढून पाण्यात उतरायचं म्हटल्यावर पहिल्या वर्षी पंचेचाळीसपैकी तिघे गेले. आता पायांच्या कुंडाकडे आधी नेतो. तिथे पाय सोडून बसलं की निम्मे जण आत जायला तयार होतात. खास करून काकू. काका मात्र अजून बाहेर चहा पितात.

नागानोतल्या जिगोकुदानीची माकडं बघायला लोकांना एका दिवसात जायचं असतं. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या वर होतं, आणि दिवसा एका चालकाला सर्वसाधारण मर्यादा पाचशेची. म्हणून आम्ही जवळच्या युदानाकाला मुक्काम करतो. दुसऱ्या सकाळी कानबायाशीपासून दीडएक किलोमीटरची बर्फाची पायवाट, बुटांना काटे बांधून. महाबळेश्वरच्या अनुभवावरून आपली माणसं पर्स छातीशी धरून चालतात. इथली माकडं ढुंकून बघत नाहीत. डोळे मिटून गरम पाण्यात बसलेली असतात, पेन्शनरांसारखी.

एप्रिल २०२४ पासून चालकांच्या कामाच्या तासांचे नियम आणखी आवळले गेले. दोन पाळ्यांमध्ये किमान नऊ तास विश्रांती. चालक मिळेनासे झाले, भाडं चढलं, आणि आमच्या सहलीचे दरही. “पूर्वी सात हजारांत न्यायचात” असं ऐकवणारे अजून आहेत. बस मात्र सातला निघते. गेल्या वर्षी एक कुटुंब सात वाजून चार मिनिटांनी आलं. त्यांना रेल्वेने यावं लागलं. स्टेशनवर त्यांना घ्यायला मीच गेलो, आणि दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

गेल्या सप्टेंबरात हिवाळ्याचे भाव मागवले तेव्हा एका नव्या कंपनीचा कागद बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता. बायकोने तास आणि किलोमीटर मांडून गुणाकार केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी फोन लावला आणि विचारलं, इतकं कमी कसं? पलीकडचा माणूस गोंधळला. त्याला वाटलं, अजून कमी करा म्हणतोय. दोनदा समजावून सांगावं लागलं. दोन दिवसांनी ‘हिशेबात चूक झाली होती’ असं लिहून वाढवलेला भाव आला. आम्ही जुन्याच कंपनीची बस घेतली.