पाणी गळतंय आणि म्हणे डोळे कोरडे!

गाडीवर जरा वारं लागलं की डोळ्यातून धारा, गालावर ओघळ, सिग्नलला शेजारचा माणूस बघतोय ही बाई रडतेय का, आणि डॉक्टर सांगतात तुम्हाला ड्राय आय आहे. म्हणलं अहो कोरडे कसले, रुमाल पुरत नाहीये!

पण ते खरंच असतं. पापणीच्या कडेला आतून तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, मायबोमियन ग्लँड्स, त्यांचं तेल अश्रूंवर तरंगतं, मिसळीच्या कटावर तर्री असते ना तसंच, आणि त्यामुळे खालचं पाणी पटकन उडून जात नाही. ग्रंथी तुंबल्या की पाणी उडतं, बुबुळावर कोरडे ठिपके पडतात, तिथल्या नसा बोंबलतात आणि वरची अश्रुग्रंथी एकदम नळ सोडते. ते नुसतं पाणी, टिकत नाही, गालावरून जातं. बहुतेकांचा ड्राय आय ह्याच, म्हणजे पाणी उडून जाण्याच्या, प्रकारातला असतो.

माझी शर्मर टेस्ट, म्हणजे डोळ्यात पाणी किती तयार होतं ते बघायची, नॉर्मल आली. १९०३ पासूनची टेस्ट आहे ही, आणि अजून तीच करतात! फिल्टर पेपरची पट्टी टोकाला दुमडून खालच्या पापणीत अडकवतात, पाच मिनिटं तसंच बसायचं, आणि कागद किती मिलिमीटर भिजला ते वाचायचं. ५ च्या खाली असेल तर पाणी खरंच कमी. पण डोळ्यात कागद खुपसल्यावर कुणाच्याही डोळ्याला पाणी येणारच ना? मग पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं, पापणी मिटू नका म्हणाले, आणि चार-पाच सेकंदात अश्रूंच्या थरात काळे डाग पडायला लागले. १० सेकंदांच्या आत असं झालं तर थर टिकत नाही असं धरतात.

ह्या आजारात खरी गोची अशी की टेस्ट आणि त्रास ह्यांचा मेळच बसत नाही. एखाद्याचं बुबुळ रंगाने ठिपक्याठिपक्यांचं झालेलं दिसतं आणि तो म्हणतो मला काहीच होत नाही, दुसऱ्याचा डोळा स्वच्छ आणि तो आगीने हैराण. म्हणून संशोधनात पेशंटला बारा प्रश्नांचा एक फॉर्म देतात, ओएसडीआय, त्यात रात्री गाडी चालवताना, एसीमध्ये, अगदी एटीएम वापरताना त्रास होतो का असलं विचारतात आणि ० ते १०० मध्ये मार्क काढतात.

ओमेगा-३ च्या, म्हणजे माशाच्या तेलात असतं त्या फॅटच्या, कॅप्सूलनी ड्राय आयला फरक पडतो का हे बघायला ह्याच मार्कांवर अमेरिकेत ड्रीम नावाचा अभ्यास झाला, २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ५३५ लोक, काहींना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३, काहींना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये ऑलिव्ह ऑइल. वर्षाने बघितलं तर दोन्हीकडच्या लोकांना बरं वाटत होतं, आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरकच नाही! काहीजण म्हणाले ऑलिव्ह ऑइलनेच गुण आला असेल, पण रोज जेमतेम चमचाभर, मला नाही पटत. त्रास कळसाला असताना माणूस अभ्यासात जातो, पुढे थोडा आपोआप उतरतो, शिवाय ह्या लोकांचे आधीचे ड्रॉप्स चालूच होते. कॅप्सूलमुळे बरं वाटलं असं आमच्या ओळखीत निम्मे लोक सांगतात, खोटं बोलत नाहीत ते, पण हा अभ्यास वाचल्यावर मी काही ती महागडी बाटली घेणार नाही.

गरम शेक मात्र मी करते. स्वच्छ रुमाल, सोसेल इतपत गरम पाणी, दहा मिनिटं, आणि रुमाल गार झाला की परत बुडवायचा, हे बरेच जण विसरतात, कारण घट्ट झालेलं तेल वितळेपर्यंत ऊब टिकायला लागते. मग बोटाने पापणीच्या कडेच्या दिशेने हलकेच दाबायचं.

आणि ड्रॉप्स घेताना खोक्यावर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. बाटली उघडल्यावर जंतू होऊ नयेत म्हणून ते घालतात, पण दिवसातून बऱ्याचदा टाकलं तर बुबुळाच्या वरच्या थरालाच त्रास देतं, म्हणजे ज्याच्यासाठी औषध त्यालाच. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्यांमधले मिळतात, महाग पडतात, मेडिकलवाला आधी दुसरंच पुढे करतो, मागून घ्या.